तुटक्या कोपऱ्याची काच

मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची एक जुनी काचपट्टी आहे. खरं सांगायचं तर अर्धी. उरलेली अर्धी केरसुणीने नेली. ती कशी, ते पुढे येईलच. मित्रांनो, मी जन्माची भित्री. काचेच्या जातीत शूर कोणी उरत नाही. जे होते ते फुटले.

माझ्या पाठीवर रक्ताचा एक पसरट थेंब आहे, जांभळ्या रंगात रंगवलेला. तो एका ट्रकड्रायव्हरचा. जंगलातल्या कामावरून तो ताप घेऊन आला आणि त्याने चार दिवस दुकानातल्या गोळ्यांवर काढले. त्याचं बोट टोचलं तेव्हा त्याला स्वतःचं नाव सांगता येईना. त्याच्या रक्तपेशींत मलेरियाच्या जंतूंच्या नाजूक कड्या होत्या; काही पेशींत तर दोन-दोन, एका खोलीत दोन बिऱ्हाडं राहावीत तशा. निदान अगदी बरोबर झालं, फक्त उशिरा झालं. तो घरी गेला नाही आणि मी शिकवणीच्या कामाला लागले.

आमच्या संस्थेत परिचारिका, तंत्रज्ञ आणि डॉक्टर उष्ण प्रदेशातले जंतुरोग ओळखायला शिकतात. मी खाचांच्या लाकडी पेटीत चौथ्या घरात राहत असे. एका बाजूला हत्तीरोग, दुसऱ्या बाजूला काळा आजार. शेजारपाजार असा, की कोणी कोणाकडे वाटीभर साखरसुद्धा मागितली नाही.

नवी तुकडी आली की माझा थरकाप उडे. पाठीवर तेलाचा थेंब पडायचा आणि वरून शंभर पटीचं भिंग हळूहळू खाली यायचं. चाक नखभर जास्त फिरलं की माझा चुरा. एका डॉक्टरसाहेबांनी ते फिरवलंच. माझ्या उजव्या कोपऱ्याचा टवका उडाला. साहेब म्हणाले, "काच जुनी होती." मी तेव्हा दोन वर्षांची होते.

पण त्या टवक्याने माझं नशीब उघडलं. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक जण माझं उत्तर बरोबर लिहू लागला. शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "ही काच सगळ्यांना येते." मी फुगून बसायचे. तुकडीमागून तुकडी एकमेकांच्या कानात काय सांगत होती, ते मला फार उशिरा कळलं: "कोपरा तुटका दिसला की डोळे मिटून लिही, जीवघेणा मलेरिया."

त्या वर्षी एक तंत्रज्ञ शिकायला आला होता. पाठांतर असं जबर, की सगळे त्याला पोपट म्हणत. परीक्षेच्या आदल्या दुपारी आमच्या पाठीवरचं तेल पुसणारी मावशी त्याच्याजवळ आली. रोज ती आम्हाला "उताणी हो गं भवाने" म्हणत पुसायची. त्या दिवशी फडकं बाजूला ठेवून ती पदर अंगाभोवती गुंडाळत होती.

"दादा, माझंही रक्त बघता का जरा? बहिणीकडून आल्यापासून तीन दिवस हीव भरतंय."

"बसा मावशी, त्यात काय एवढं!"

त्याने बोट टोचलं, काच रंगवली. रंगवायला अर्धा तास लावला, बघायला दोन मिनिटं. भिंगाखाली शंभर जागा पाहिल्याशिवाय 'काही नाही' म्हणायचं नाही, हा नियम त्याला तोंडपाठ होता. त्याने सात पाहिल्या. मग काच उचलून कडेने न्याहाळली. चारही कोपरे धड होते.

"काही नाही मावशी. साधा ताप."

"सुटले बाई! मला वाटलं, आता तुमच्या पेटीत जाते की काय."

पोपट हसला. ती नवी काच परीक्षेसाठी मांडलेल्या ट्रेमध्ये माझ्या शेजारी आली आणि माझं काचेचं अंग गारठलं. त्याच कड्या. एका पेशीत दोन-दोन. ड्रायव्हरचा चौथा दिवस मी पाहिला होता. मावशीचा तिसरा चालू होता. ओरडावं तर तोंड नाही, पळावं तर पाय नाहीत. एवढी भीती मला भिंगाचीही कधी वाटली नव्हती.

मावशीने परीक्षेचा ट्रे मॅडमकडे न्यायला उचलला. दारातच तिला हुडहुडी भरली. ट्रे कलंडला, मी खाली पडले आणि मधोमध दुभंगले; त्यातली एक अर्धी मग केरसुणीने लोटून नेली. शेजारीण खाचेतच अडकून राहिली.

"मावशी, अहो परीक्षा उद्यावर..." मॅडम धावत आल्या आणि थबकल्या. त्यांनी मावशीच्या कपाळाला हात लावला. "केव्हापासून?"

"तीन दिवस. पण दादा म्हणाले, काही नाही."

"काच कुठाय?"

मॅडम उभ्या-उभ्याच भिंगाला डोळा लावून कड्या मोजू लागल्या. मी फरशीवर पडल्या-पडल्या ऐकत होते. अकरा. बारा. एकोणतीस. मग मोजणं थांबलं आणि मॅडम ओरडल्या, "वॉर्डात न्या हिला! आत्ताच्या आत्ता!"

दुसऱ्या दिवशी परीक्षेत पोपटापुढे माझ्या जागची चौथी काच आली. लेबलवर चिकटपट्टी, कोपरे धड. त्याने चारही बाजूंनी पाहिली, घाम पुसला आणि नाइलाजाने भिंगाला डोळा लावला. बराच वेळ गेला.

"जीवघेणा मलेरिया, मॅडम. पक्का."

"दहापैकी दहा. आता पट्टी काढ."

पट्टीखाली पेन्सिलीचं त्याचंच अक्षर होतं: मावशी. तो मटकन स्टुलावर बसला.

"आहे ना ती?"

"आहे. औषध कालच सुरू केलंय. सकाळी तुला शिव्या देत होती, म्हणजे उतार पडतोय. जा, जाऊन ऐकून ये."

मावशी पंधरा दिवसांनी परत आली, निम्मी होऊन. हल्ली पोपट नव्या तुकडीला शिकवतो. माझा फुटका तुकडा, टवक्यासकट, तो पहिल्या दिवशी सगळ्यांच्या हातात देतो.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही. अर्धी तर गेलेच आहे. एवढंच करा, माझ्या कोपऱ्याकडे बघून मला ओळखू नका. तुमच्याकडे येणाऱ्या काचेमागे कोणीतरी बाकावर कुडकुडत बसलेलं असतं. काल एका नव्या सिस्टरने माझ्या तुकड्यावर शंभर जागा मोजल्या, थांबली, आणि म्हणाली, "अजून एक बघते." भिंग खाली आलं. मी घाबरले, पण हलले नाही.