माशाच्या लिपीतलं पत्र

त्या रविवारी मावशीच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावरसुद्धा माणसं दाटीवाटीने उभी होती, आणि सगळ्यांचे डोळे स्टुलावरच्या पिवळ्या पडलेल्या प्रिंटरवर खिळले होते. त्याला कॉम्प्युटर जोडलेला नव्हता. विजेची वायर तेवढी भिंतीत गेलेली. परलोकातली पत्रं वाचून दाखवणाऱ्या लिपीबाबांनी डोळे मिटले, एक हात खिशात घातला, दुसरा वर केला. प्रिंटर करकरत सुरू झाला.

"आले," बाबा पुटपुटले. "काका आले."

काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. याच प्रिंटरवर ते दुकानदारांना लेबलं छापून देत.

बाबांनी कागद फाडून वर धरला. ओळखीचं एक अक्षर असेल तर शपथ. माशासारखी एक खूण, तिच्यापुढे टोपी घातलेलं काहीतरी, मग एक वाकडंतिकडं चिन्ह. पुन्हा मासा, पुन्हा टोपी.

"मासा म्हणजे देह सोडून पोहत निघालेला आत्मा. तिकडे आपली बाराखडी चालत नाही, ताई. काका म्हणतात, सुया बंदच ठेव. तुझा आजार मी माझ्याकडे घेतलाय."

मावशीने डोळे पुसले. इन्सुलिनला तिने दहा दिवस हात लावला नव्हता. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चालली होती.

दाराशी उभ्या असलेल्या तिच्या भाच्याच्या मस्तकात तिडीक गेली. तो विजेचे मीटर दुरुस्त करायचा. छंद मात्र जगावेगळा. भंगारातले जुने प्रिंटर आणून नव्या कॉम्प्युटरला जोडायचे. बायको विचारायची, "याचा उपयोग काय?" तो म्हणायचा, "काही नाही, मजा." मजा कसली, डोक्याला ताप. वायर जुळली तर भाषा जुळत नसे. आणि हे मासे त्याच्या चांगल्या ओळखीचे होते. गेले तीन महिने त्याचा स्वतःचा प्रिंटर हेच ओकत होता.

"मावशी, हे पत्र नाही. माझ्याकडेही असंच छापून येतं."

"तुझं भंगार तुझ्या घरी," मावशी म्हणाली. "हा माझ्या माणसाचा निरोप आहे. तुला माझं सुख बघवत नाही का?"

त्याने तिला डॉक्टरांची आठवण करून दिली, हात जोडले, शेवटी आवाज चढवला. पालथ्या घड्यावर पाणी. निघताना त्याने मोबाईलमध्ये कागदाचा फोटो तेवढा काढून घेतला.

घरी त्याने प्रिंटरचं जुनं माहितीपुस्तक उघडलं. मागच्या पानांवर प्रत्येक चिन्हाचा आकडा दिलेला होता. बायको आकडे वाचत गेली, तो अक्षरं लावत गेला. दीड तासाने वाक्य तयार झालं: 'मंगळवारी दुपारी पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी पाणी भरून ठेवावे.'

बायको हसत सुटली. त्याला हसू आलं नाही. बाबाने खोटं पत्र लिहायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते, हाताला लागली ती सूचना छापली होती.

पुढच्या रविवारी तो आपला प्रिंटर उचलूनच मावशीकडे गेला.

"यंत्राला शिवलात तर आत्मा कोपेल," बाबांनी बजावलं.

"मी माझ्याच यंत्राला शिवतोय."

त्याने मोबाईल वायरने स्वतःच्या प्रिंटरला जोडला आणि तीच सूचना धाडली. आलेला कागद आणि बाबांचा कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. माशावर मासा, टोपीवर टोपी.

"नवा मोबाईल मराठीतलं एकेक अक्षर तीन आकड्यांत पाठवतो," तो म्हणाला. "या जुन्या यंत्राला मराठी येत नाही. ते दर आकड्याला एक वेगळं चिन्ह छापतं. आपल्या सगळ्या अक्षरांचा पहिला आकडा एकच, म्हणून सगळीकडे मासा. आणि यात काय लिहिलंय ते ऐका." त्याने पाण्याची सूचना वाचून दाखवली.

मग मावशीच्या प्रिंटरचं मागचं झाकण काढलं. आत अंगठ्याएवढा सर्किटचा तुकडा होता, हवेतून निरोप घेणारा. शेजारचा शिंपी बाबांकडे वळला. "महाराज, खिशातला मोबाईल दाखवता का?" बाबांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

मावशी जागची हलली नव्हती.

"म्हणजे ते आलेच नव्हते?"

"नाही, मावशी."

"एकदासुद्धा?"

बाबावरचा राग, तिच्यावरचा राग आणि आठवडाभर आधी तिला उचलूनच का नेलं नाही हा स्वतःवरचा राग, सगळं त्याच्या मनात एकदम उसळलं. त्याने तिच्या चपला पुढे ठेवल्या.

पाय वाचला, अंगठा काढावा लागला. ड्रेसिंग करताना डॉक्टर चिडून म्हणाले, "सतरा दिवस आधी आणायचं होतं."

न कळणारं काही दिसलं, तर ते आपल्याला कळत नाही एवढंच सिद्ध होतं. ते कुणी देवाघरून धाडलंय, हे नाही. आपल्याला ते वाचता येतं असं जो म्हणतो, त्याला वाचायचं कसं ते विचारा. शिकवायला तयार नसेल, तर उठून या. आणि औषध सोडायला सांगणारा कागद कुठल्याही लिपीतला असो, आधी डॉक्टरांना दाखवा.