सोबतीला आरसा

काचवाल्यानं काचा जोडणारं सिलिकॉन वाळल्याची बोटानं खात्री केली, पेटीत फांद्या रोवल्या, त्यांवर वेल चढवला आणि झाकणाच्या जाळीवर दिवा टांगला. सरड्याच्या पिल्लाला चारी बाजूंनी जाळीच लागते, असं दुकानदारानं बजावलं होतं. पण जन्म काच कापण्यात गेलेल्या माणसानं जाळी ठोकत बसायचं म्हणजे स्वतःचंच नाक कापून घ्यायचं. त्यानं काचेचीच पेटी केली, आणि पिल्लाला एकटं वाटू नये म्हणून मागच्या बाजूला आरसा बसवला.

मुलगी दारात उभी होती. उकळतं तेल चेहऱ्यावर उडाल्यापासून ती डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधूनच वावरायची. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं तोंडानं मागितलेली पहिलीच गोष्ट म्हणजे हे पिल्लू. पिल्लाला काही झालं तर ती पुन्हा काही मागणार नाही, या धास्तीनं काचवाल्याला नीट झोप लागली नव्हती.

पेटीत सोडल्यावर पिल्लू फांदीवर चढलं. पोपटी, करंगळीएवढं. एक डोळा पुढं, एक मागं, अशी त्याची पाहणी चालली होती. मग मागचा डोळा एकाएकी थांबला. अंग चपटं झालं, पोपटी रंग विटला आणि बघता बघता ते काळं पडलं. तोंड वासून ते फुसफुसू लागलं.

"बाबा, ते घाबरलंय."

"नवीन जागा आहे, बाळा. आपणही सासुरवाडीला गेलो की असेच अवघडतो. रुळेल."

ती हसली नाही. दुपार कलली तरी पिल्लू रुळलं नाही. खायला सोडलेला रातकिडा समोर आरामात फिरत होता. पानांवर शिंपडलेलं पाणी तसंच सुकून गेलं. पिल्लाचे डोळे आत गेल्यासारखे वाटले. काचवाल्यानं दुकानदाराला फोन लावला आणि पेटीत काय काय आहे ते सांगितलं.

"आरसा?" पलीकडून दुकानदार म्हणाला. "अहो, त्याला वाटतंय समोर दुसरा उभा आहे, अंगावर धावून येणारा. हा हलला की तोही हलतो. भीतीनं जीव जाईल त्याचा. आधी झाका तो."

काचवाल्यानं फोन ठेवला.

"माझंच चुकलं," तो मुलीला म्हणाला. "ते आपणच आहोत, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही."

"कळलं तरी भीती वाटते, बाबा."

त्याला एकदम तिच्या खोलीतला आरसा आठवला. त्यानंच बसवलेला, पुरुषभर उंचीचा. ती त्यावर चादर टाकायची. तो रोज सकाळी ती काढून घडी करायचा आणि आरसा पुसून लख्ख करायचा. पोरीला सवय व्हायला हवी, असं त्याला वाटायचं. संध्याकाळी चादर पुन्हा आरशावर असायची. त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती.

तो झाकायला काहीतरी शोधू लागला. तेवढ्यात तिनं मानेमागची गाठ सोडली, झाकण उचललं आणि पिल्लाला धक्का न लावता स्कार्फ आरशावर सोडला. मग ती वळली आणि बापाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

पट्टी बदलताना तो नेहमी खोलीबाहेर जायचा. आता जायला जागा नव्हती. आपल्या तोंडावर काय उमटेल याची त्याला भयंकर भीती वाटली. तरी त्यानं मान वळवली नाही. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून सावकाश फिरली.

पेटीत काळ्या अंगावर पोटाकडून थोडा हिरवा रंग परतू लागला होता.

"जाळी आजच आणतो," तो म्हणाला. "आणि तुझ्या खोलीतला आरसाही उतरवतो."

"तो राहू दे," ती म्हणाली. "फक्त त्यावरची चादर तुम्ही काढत जाऊ नका."