सी परक्याचा, डी आपला

नवं सॉफ्टवेअर टाकताना कॉम्प्युटरवर एक खिडकी येते. 'कुठं टाकू?' असं ते इचारते, आन् उत्तर बी सोताच लिवून ठेवते: सी ड्राइव्ह. सारी दुनिया ते न वाचता 'नेक्स्ट' दाबते. मी नाही दाबत. पुण्याच्या ऑफिसातले माहे सोबती हासतात, म्हनतात, साधना, आता डी ड्राइव्ह कोण वापरतं गं? त्यायले काय सांगू, कप्पाळ? आमी अनसिंगचे, धम्मपाल सरायचे पोट्टे. आमच्यातला कोनी बंगलोरात असो का वाशीमच्या बँकेत, त्या खिडकीपाशी त्याचा हात थांबतेच.

सरायचा क्लास म्हंजे बस स्टँडच्या मांगच्या गल्लीत, त्यायच्याच घराची समोरची खोली. चार कॉम्प्युटर होते, आन् चौघायवर पंचफुला काकूनं जुन्या लुगड्याच्या शिवलेल्या झुली. काकू म्हंजे सरायची बायको. चपला भायेर काढाच्या, हात धुवाचे, मंगच मशीनले हात लावाचा. लाइट गेली की आमी अंगनात, आन् लाइट तं जायाचीच. मंग काकू मुरमुरे आनून दे, कोनाचा डब्बा नसला तं भाकर बी दे. रिठदचा पवन इथं मामाकडं राहून शिके. तो कॉम्प्युटरपेक्षा काकूच्या ठेच्यासाठीच येते, असं आमी त्याले चिडवत होतो.

मशीन बिघडली की सर तिचा डब्बा चादरीत गुंडाळून एस्टीनं वाशीमले नेत, मांडीवर घेऊन. एकदा कंडक्टरनं लगेजचं तिकीट मांगलं, तं सर म्हने, पेशंट हाय, दवाखान्यात नेऊन राह्यलो. पन तिथला दुरुस्तीवाला मोठा धन्वंतरी. रोग कोनताबी असो, औषध एकच. न इचारता सी ड्राइव्ह साफ पुसून टाके, डीले मातर हात लावत नसे. असेच एकदा आमचे सारे प्रोग्राम गेले. पवननं पडद्यावर चालनारी बैलगाडी केली होती, चाकं बी फिरत होती तिची. एवढा दांडगा पोट्टा अंगनात बसून मोठ्यानं रडला. त्या दिवशी सरायनं फळ्याच्या कोपऱ्यात लिवलं, 'सी परक्याचा, डी आपला', आन् ते कोनालेच पुसू देल्लं नाही.

मंग एक रीतच पडली. कोर्स संपला की प्रत्येकानं डी ड्राइव्हमंधी सोताच्या नावाचं फोल्डर कराचं, आन् ते निळ्या पडद्यावालं प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर त्याच्यात सोताच्या हातानं पुन्हा टाकाचं. वस्तू एकच, आन् जितके पोट्टे तितक्या डाव टाकलेली. निव्वळ अडानीपना. आज माह्या टीममधल्या कोनी असं केलं तं मी त्याले उभा सोलीन. पन माहा नंबर आला तवा त्या खिडकीत माहं नाव उमटलं, आन् सारं सॉफ्टवेअर त्याच्या पोटात जाऊन बसलं. बापाच्या सातबाऱ्यावर तं भावायचीच नावं होती. माह्या नावावर झालेली या दुनियेतली ती पह्यली जागा, खरं सांगते. काकू दारात उभी राहून पाहत होती. रीतीपरमानं तिनं माह्या हातावर गुळाचा खडा ठेवला, आन् माहे डोये भरून आले.

पुढं घरोघरी मोबाइल आले, आन् क्लास बसला. सर वावरात जाऊ लागले. तीन मशीनी भंगारात गेल्या, एक राह्यली, आमच्या नावायच्या फोल्डरवाली.

यंदा दिवाळीले मी घरी आली, तं दुसऱ्याच दिवशी सरायनं बलावलं. गावातल्या सहा पोरीयले मोबाइलचे अ‍ॅप बनवनं शिकाचं होतं. बाप त्यायले वाशीमले रोज पाठवाले तयार नव्हते. म्हनून सर या वयात सोता व्हिडिओ पाहून पाहून ते शिकले होते. उद्या सकाळी पोरीयचे बाप पाहाले येनार होते. मशीनवर अ‍ॅप चालून दाखोलं तं क्लास सुरू, नाही तं त्या पोरीबी घरी आन् मीबी घरी, असं सर म्हने. सांगता सांगता त्यायचा आवाज बारीक झाला. फळ्यापासून रस्त्यापर्यंत आयकू जानारा आवाज होता तो. 

मी पुण्याहून त्यायच्यासाठी एक नवी डिस्क घेऊनच आली होती. लय फास्ट. ती बसवली, तिचा झाला सी. जुनी डिस्क डी म्हनून तशीच ठेवली, ती जात्यासारखी घरघर करे. अ‍ॅप बनवाचं आताचं सॉफ्टवेअर भल्लं मोठं असते, जुन्या डिस्कले पेलवत नाही, म्हनून मी सरळ सीमंधी टाकाले निंगाली. खिडकी आली, 'कुठं टाकू?' आन् सरायनं माहा हात धरला.

"डीमंधी टाक."

मी समजावलं. तो दुरुस्तीवाला केवाचाच दुकान बंद करून गेला, आता कोनी न इचारता पुसत नाही, आन् पुसलंच तं पुन्हा टाकता येते. सर मान हालवत आयकत होते आन् शेवटी म्हनत, बरोबर हाय तुहं, पन डीमंधी टाक. गुरू म्हने तसं कराव. टाकलं डीमंधी. दुपार गेली त्याच्यात. सारं झाल्यावर पडद्यावर एक खोटा मोबाइल उघडाले पाह्यजे, बनवलेलं अ‍ॅप त्याच्यात चालते. तो उघडेचना. काकूनं चहा आनला, आमी पेला, कप वाळून गेले, तरी पडद्यावर ते चक्कर आपलं फिरूनच राह्यलं. माहं डोस्कं आधीच गरम, वरून हे.

"सर, उद्या त्या बाप लोकायसमोर हे असंच फिरत राहीन. काय सांगान तुमी त्यायले? का सी परक्याचा हाय?"

बोलली आन् जीभ चावली. सर रागावले नाहीत. त्यायनं माउस घेतला आन् डी ड्राइव्ह उघडला. एकाखाली एक नावं. पवन. अमरसिंग. तांड्यावरून सायकलनं येनारा लखीराम. मोतीबाई, जिचं मधातच लगन झालं होतं आन् तरी कोर्स पुरा करून गेली होती. मी. सारे जिथल्या तिथं. सर एकेका नावावर बोट ठेवून सांगू लागले, कोन कुठं हाय, कोनाले किती लेकरं. त्यातले अर्धे मले बी आठवत नव्हते, त्यायले सारे पाठ. पवनच्या नावावर बोट थांबलं, तवा म्हने, याची बैलगाडी सीमंधी होती, गेली. जे डीमंधी होतं ते सारं हाय, पाह्य.

त्या खोलीचा सारा वास नाकात आला, त्या लुगड्याच्या झुली, तापलेल्या मशीनी, अंगनातला ठेचा. वाटलं, जाऊ द्या, नाही चालला क्लास तं नाही चालला, पन ह्या मानसाले आता दुखवाचं नाही.

काकू दारात उभी होती. तीच जागा तिची, सदाची. कप घ्याले आली होती, तं पडद्याकडं पाहत राह्यली. मंग तिनं इचारलं, साध्या आवाजात, मीठ संपलं का इचाराव तसं.

"माहं नाव कुठं हाय त्याच्यात?"

सरायनं मांगं पाह्यलं. काकूनं काही भांडन केलं नाही. फकस्त सांगतलं, का दरवर्सी मी म्हनत होती, मले बी एक डाव बसू द्या, आन् तुमी दरवर्सी म्हनत, पुढच्या बॅचले. पुढच्या बॅचले बी खुर्च्या भरूनच राहत. एवढ्या पोरायच्या हातावर गूळ ठेवला, लोकायची पोरं नावं टाकून गेली, आन् मी दारातच राह्यली. माह्या सासरी मी सातवीपर्यंत शिकलेली एकटी सून होती, हे बी तिनं सांगतलं. सर नावायची ती सारी रांग खालपर्यंत पाहून आले, जसं काही सापडनारच होतं.

"राहून गेलं व," सर म्हने.

"मंग आता टाका. त्या नव्यातच टाका, सीमंधी. माह्या नावानं."

"पुसलं गेलं तं?"

"तं पुन्हा टाकीन. शिकवनारा तं घरातच हाय ना माह्या."

सर उठले, खुर्ची मोकळी करून देल्ली, आन् दारापाशी जाऊन उभे राह्यले.

मी डीमधलं ते नवं सॉफ्टवेअर काढलं, बाकी कोनाच्या नावाले धक्का लावला नाही. पुन्हा सुरू केलं. खिडकी आली, 'कुठं टाकू?' मी माहा हात काढून घेतला. काकूनं पदराले हात पुसले आन् बसली. सर दारातून एकेक अक्षर सांगत, काकू ते कीबोर्डवर हुडके, तांदळातला खडा हुडकाव तसं. एकदा मी बोट दाखवाले गेली, तं सरायनं मले डोयानं दटावलं. शाळेत इंग्रजी शिकली होती ती, पन केवाची गोठ. पुरं नाव झालं तवा तिनं ते एकडाव मोठ्यानं वाचून पाह्यलं.

"आता नेक्स्ट," सर म्हने. आवाज पह्यलेसारखा झाला होता.

या डावी सारं सर्रकन गेलं. खोटा मोबाइल उघडला, सरायचं अ‍ॅप त्याच्यात चाललं, मी टाळी वाजोली. काकू म्हने, उद्या त्या बाप लोकायले सांगा, सहा नाही, सात जनी हाये म्हनून.

सर आत सैपाकघरात गेले. एक डब्बा उघडल्याचा आवाज आला, मंग दुसरा, मंग फळीवरचं काहीतरी पडलं. गूळ कुठं राह्यते, हे त्या मानसाले इतक्या वर्सात मालूमच नव्हतं. काकूनं बसल्या जागेवरून सांगतलं, चुलीजवळच्या पितळी डब्ब्यात पाहा. पन खुर्चीवरून उठली नाही.