मीरासाहेबांची गुळगुळीत पाचर

१९७४ साली सयाजीने मीरासाहेबांची पाचर कायमची बिघडवली. पण ते झालंच नाही असं आपण धरून चालू, कारण त्या सोमवारी संध्याकाळपर्यंत सयाजीही तसंच धरून चालला होता.

सयाजी कुरुळीचा, पिंपरीच्या एका कंपनीत ग्राइंडिंगला. सुट्टीला तो थेरगावात मीरासाहेबांच्या लाकडाच्या वखारीत जाऊन बसायचा. मीरासाहेब बाभळीच्या ओंडक्यावर लोखंडी पाचर उभी धरायचे, वर घण घालायचे, आणि ओंडका रेषेरेषेने उभा फाटत जायचा. त्यातून ते दगडखाणीतल्या घणांचे दांडे काढायचे. करवत लाकडाची रेषा तोडते, म्हणून करवतीने कापलेला दांडा महिन्यात मोडतो, असं त्यांचं म्हणणं.

"चाचा, रेष वाकडी आसली तर?"

"मग दांडा वाकडा."

"आन् पाचर कुठं ठेवायची, ते कसं कळतं?"

"लाकडाला बारीक चीर असते. तुला दिसत नाही, तू पाचरीकडे बघत बसतोस."

खरंच तो तिकडेच बघत होता. वखारीत पाचर एकच, मीरासाहेबांच्या वडिलांची, चाळीस पावसाळे उघड्यावर गंजलेली. अंगभर देवीचे व्रण असावेत तशी खड्ड्याखड्ड्यांची. मायक्रोमीटर लावला तर एक बाजू दुसरीशी बोलत नव्हती. असली वस्तू इतकं सरळ फाडते कशी? हे शोधायचं तर आधी तिच्यातली चूक काढायला हवी, असं सयाजीला वाटलं. कंपनीत त्याला एवढंच शिकवलं होतं. रविवारी त्याने ती मागून नेली, सोमवारी कंपनीत तापवून, पाणी देऊन कडक केली, घासून आरशासारखी केली, आणि शिफ्ट सुटल्यावर रुमालात बांधून परत आणली.

मीरासाहेबांनी तिच्यात आपली मिशी पाहिली. "लग्नाला चाललीय का ही?"

घण घातला. पाचर दोन बोटं आत गेली, तिला तिथं करमलं नाही, टुणकन बाहेर आली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती थेट वखारीमागच्या घरात गेली. मीरासाहेबांच्या पत्नी रोशनबी दारात आल्या.

"तुमची पाहुणी पिठाच्या परातीत बसलीय. जेवून जाणार का, विचारा."

तेव्हा सयाजीला उमगलं. लाकूड धरून ठेवत होते ते खड्डेच. त्याने कानस मारली, कडक पोलादावरून कानस घसरली. माती चोळली, ती दोन घाव टिकली.

"शुक्रवारी दोनशे दांडे द्यायचेत," मीरासाहेब म्हणाले. "नाहीतर खाणवाले करवतीचे घेतील. मग आमच्याकडे कोण येतंय?"

ते रागावले नाहीत, हे सयाजीला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत फोरमन लक्ष्मणरावांनी पाचर उजेडात धरली. "एवढं सुंदर काम झालंय, राव. खराब कशाला करायचं?" खरखरीत करायचं मशीन खात्यात नव्हतं; खरखरीत माल इथून परत जायचा. काही हवं असेल तर लेखी द्या, म्हणाले. सयाजीने लेखी दिलं:

"सदर पाचर खाली सही करणाराने विनापरवाना गुळगुळीत केली आहे. तरी तीस पूर्ववत खड्डे पडावेत म्हणून ती कंपनीच्या गच्चीवर चाळीस पावसाळे उघड्यावर ठेवण्यास मंजुरी मिळावी. तसेच श्री. मीरासाहेब यांची दांड्यांची मुदत येत्या शुक्रवारऐवजी सन २०१४ मधील कोणत्याही सोयीच्या शुक्रवारपर्यंत वाढवून, खाणवाल्यांनी तोपर्यंत दगड फोडू नयेत, असे त्यांस कंपनीमार्फत कळविण्यात यावे, ही विनंती."