दोन निळे चिमटे

तळ्याकाठच्या त्या तंबूंच्या मुक्कामाला ताई इतकी वर्षं येत होती, की फाटकावरची नियमांची पाटी तिला डोळे मिटून म्हणता आली असती. कुत्रा मोकळा सोडायचा नाही, पट्टा हातात धरायचा. पोहण्याच्या जागी न्यायचा नाही, मुलांच्या झोक्यांपाशी न्यायचा नाही. त्याने घाण केली तर ज्याचा कुत्रा त्याने उचलायची. तंबूत एकट्याला कोंडून आपण फिरायला जायचं नाही. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरांत: दोन चिमटे लागले, तर सूर्य मावळायच्या आत कुत्र्याने मुक्काम सोडायचा.

चिमट्यांचा हा प्रकार नवख्याला चमत्कारिक वाटे. नोंदणी केली, की दर तंबूमागे कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा मिळायचा. कुणाच्या कुत्र्याचा त्रास झाला तर भांडायला जायचं नाही. कार्यालयाच्या मागच्या भिंतीवर प्रत्येक तंबूच्या नावाने एकेक तार ताणलेली होती. तिथे जाऊन गुपचूप आपला चिमटा लावून यायचं. तोंडाला तोंड लागायला नको, सुट्टी नासायला नको. मन निवळलं तर ज्याने लावला त्यानेच येऊन काढायचा. तक्रार मिटली.

मुनीमच्या तारेवर आजवर कधी चिमटा लागला नव्हता.

मुनीम हा अप्पांचा कुत्रा. हे नाव अप्पांनीच ठेवलेलं. दिवस कलला, की तो घरातली माणसं मोजत फिरायचा. एकेकाच्या पायाला ओलं नाक लावायचा आणि सगळे भरले म्हणजे उंबऱ्याशी अंग टाकायचा. अप्पा त्याच्या पाठीवरून हात फिरवत गुणगुणायचे:

ये रे मुनीमा, मोज रे पाय,
एक कमी भरला तर करशील काय?

तो एक आता कमी भरत होता. अप्पा गेले, मुनीमच्या डोळ्यांत सारवलेल्या भिंतीसारखा करडेपणा उतरला, आणि संध्याकाळ झाली की तो मोजायचा, चुकायचा, पुन्हा मोजायचा आणि मग भुंकत बसायचा. ताईने हात लावला की थांबे, हात काढला की पुन्हा सुरू.

म्हणून यंदाचं येणं तिने मनातून रहितच केलं होतं. पण भावाचा फोन आला. "ताई, मुनीमला घेऊनच ये हं. अप्पांचा कुत्रा तो. तो नाही तर मुक्काम कसला?"

तेवढं वाक्य ताईला आठवडाभर पुरलं. भांडी घासताना पुरलं, बॅग भरताना पुरलं. आई लवकर गेली तेव्हापासून या भावाच्या नाकाला रुमाल तिने लावला होता, शाळेत नाव तिने घातलं होतं, लग्नातले त्याचे हट्टसुद्धा तिनेच निस्तरले होते. आता तो कुटुंबाचा कर्ता माणूस, पोरीचा बाप. तरी तिच्या तोंडी 'बाबू'च. आणि बाबूने आपणहून म्हटलं होतं, घेऊनच ये.

पोचल्यावर नेहमीप्रमाणे दोन्ही तंबूंची नोंदणी करायला तीच गेली. बाबूला खिडकीपाशी रांगेत उभं राहायचा भारी कंटाळा. "तू आहेस ना," असं तो लहानपणापासून म्हणत आला होता. मुनीमचा पट्टा तिने त्याच्या हातात दिला आणि लसीचा कागद काढून ती गेली. खिडकीत शिट्टीबाई बसल्या होत्या. गळ्यातली शिट्टी त्या झोपेतही काढत नसाव्यात, म्हणून हे नाव.

"आलात का? कुत्रोबा कसे आहेत?"

"म्हातारे झालेत. तुमच्या-माझ्यासारखे."

"तुमच्यापुरतं बोला!" म्हणत शिट्टीबाईंनी दोन चिमटे पुढे सरकवले.

ती परत आली तेव्हा मुनीम गाडीच्या मागच्या दांड्याला आखूड बांधलेला होता. छकुली गाडीतच बसली होती, काचा वर करून.

"अगं, उतर की खाली. आत्याला पापी नाही का?"

"दमलीय ती," बाबू घाईने म्हणाला. भावजय तंबूचे खुंटे ठोकत होती. तिने मान वर केली नाही.

संध्याकाळी मुनीमचा हिशेब सुरू झाला. ताईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कानामागे खाजवलं, अप्पांची ओळ पुटपुटली. तो थोडा थांबला, थोडा भुंकला. तळ्याच्या काठाला तीनच तंबू होते: तिचा, बाबूचा आणि पलीकडे दातांच्या एका डॉक्टरांचा.

सकाळी तेच डॉक्टर हातात दात घासायचा ब्रश घेऊन तिच्या दाराशी आले.

"बाई, रागावू नका. काल तुमच्या कुत्र्यानं आम्हाला झोपू दिलं नाही. मी चिमटा लावलाय. नियम गुपचूप लावायचा असला तरी मला ते बरं वाटेना, म्हणून सांगायला आलो."

ताईला माणूस सरळ वाटला. "तुमचं बरोबर आहे, डॉक्टर. आज त्याला लवकर फिरवून आणते, दमवते. गप्प राहिला तर काढाल ना?"

"काढीन की. मला काय हौस आहे?" आणि जाता जाता ते वळून म्हणाले, "त्याचा वरचा सुळा हलतोय, बघा कधीतरी. माणसाचा असता तर मीच काढला असता."

ती हसली. एकच तर चिमटा. तिने मुनीमला तळ्याच्या कडेकडेने चालवलं, गवतात लोळवलं, सावलीत निजवलं. जेवणाच्या वेळी तो असा गाढ झोपला होता, की त्याच्या पंजावरून मुंगी चालली तरी त्याने कान हलवला नाही.

आणि तेव्हाच शिट्टीबाई आल्या. त्यांनी शिट्टी वाजवली नाही, हातात धरून ठेवली.

"दुसरा लागला हो," त्या म्हणाल्या. "मलाच कसंतरी होतंय सांगताना. पण पाटी मी लिहिलेली नाही."

बाबूने हातातलं ताट खाली आदळलं. "म्हणजे काय? झोपलेला कुत्रा कुणाला त्रास देतो? कोण आहे तो, पुढे येऊन बोलायची हिंमत नाही का?" त्याचा आवाज तळ्यावरून जाऊन परत आला. डॉक्टर तंबूबाहेर डोकावले. "आमच्या अप्पांचा कुत्रा आहे हा! याला कोण हाकलतो तेच बघतो मी!" चपला अडकवून तो तरातरा कार्यालयाकडे निघाला.

ताईचे डोळे भरून आले. माझा बाबू, तिला वाटलं. माझ्यासाठी भांडायला निघाला. भावजयीला "मुनीमवर लक्ष ठेव गं" म्हणून ती त्याच्यामागे धावली. तो खिडकीपाशी हात नाचवत होता. त्याच्या दंडाला धरून मागे ओढावं, म्हणावं, जाऊ दे रे, एवढ्यानं कुणी मरत नाही, असं तिच्या मनात होतं. पण जाता जाता तिची नजर मागच्या भिंतीवर गेली.

बाकीच्या तारा मोकळ्या होत्या. तिच्या तारेवर दोन चिमटे शेजारी शेजारी बसले होते, जोडीच्या पाखरांसारखे. दोन्ही निळे.

चिमटे रांगेरांगेचे वेगळे रंगवलेले असतात. झाडांखालच्या रांगेचे हिरवे, टेकडीकडच्या रांगेचे पिवळे, तळ्याकाठचे निळे. लांबच्या रांगेतल्या कुणी उगाच खोडी काढू नये म्हणून. पण ते कळतं कुणाला? खिडकीपाशी उभं राहून टोपलीतले रंगीबेरंगी चिमटे ज्याने बघितले त्याला. ज्याने जन्मात कधी नोंदणी केली नाही त्याला सगळे चिमटे निळेच.

तळ्याकाठी तीन तंबू. एक तिचा. एक डॉक्टरांचा, आणि त्यांनी तोंडावर सांगितलेलं.

ती तिथेच थांबली. ऊन डोक्यावर होतं, तरी पायांखालून गार पाणी सरकावं तसं काहीतरी सरकलं. पलीकडे बाबूचा आवाज अजून चढलेलाच होता. "मुक्या जनावरावर कसला राग काढता?" तो विचारत होता. काय सुरेख विचारत होता! अगदी मनापासून.

तिने त्याला हाक मारली नाही. तशीच परत फिरली.

थोड्या वेळाने घाम पुसत तो आला. "काही ऐकत नाही ती बाई. नियम म्हणे. मी सोडलं नाही तिला, चांगलं सुनावलं."

"ऐकलं मी," ताई म्हणाली. स्टोव्हवर चहा ठेवला होता. तिने तीन कप मांडले, साखर घातली, ढवळली. मग अगदी सहज, मिठाची बरणी मागावी तशी म्हणाली, "बाबू, ज्यानं लावला त्यानं चिमटा काढला ना, तर तक्रार मिटते. कुणी काही विचारत नाही. सूर्य मावळेपर्यंत वेळ आहे."

त्याचा कप ओठांशी थांबला. "असं होय?"

"असंच आहे."

"पण काढणार कोण? लोक कसे असतात तुला ठाऊक आहे, ताई. लावताना लावतात, मग..." त्याने हात झटकला. "जाऊ दे. आपण पण कशाला कुणाच्या पाया पडायचं?"

भावजय कप घेऊन तंबूच्या मागे गेली.

ती दुपार ताईने कशी काढली ते तिचं तिलाच माहीत. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मोडत होती. बाबू उठला की तिचा जीव उठायचा. तो पाण्याची बाटली आणायला गेला, तिला वाटलं, गेला. तो बाटली घेऊन आला. तो चपला शोधायला लागला, तिला वाटलं, आता. त्याने चपलांतली वाळू झटकली आणि खुर्चीत बसून पाय लांब केले. लहानपणी चोरून खाल्लेला लाडू याच चेहऱ्याने पचवायचा. तेव्हा ती हसून दुसरा लाडू द्यायची. आता तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. हातात उरलं होतं फक्त वाट बघणं, आणि त्याची मुदत तर तळ्यावरच्या उन्हासारखी झरझर आखूड होत चालली.

ऊन तांबूस झालं तसं तिने तंबू सोडायला घेतला.

"अगं, मी सोडतो ना घरी तुम्हाला," बाबू धावत आला. "गाडी कशाला आहे?"

"चादरी न्यायला लॉन्ड्रीची गाडी आलीय. ड्रायव्हर हो म्हणाला, मागे मुनीमलाही जागा आहे."

"धुण्याच्या गाडीतून जाणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं तू नको सांगूस मला, बाबू."

हे ती अगदी हळू म्हणाली. बाबू खुंटा उपटायला वाकला, तो येईना. दोन्ही हातांनी ओढत राहिला. मग तसाच वाकलेला, मान खाली ठेवून म्हणाला, "तुला कळलंय."

"हो."

"कधी?"

"तू माझ्यासाठी भांडत होतास तेव्हा."

त्याच्या हातातून खुंटा सुटला. "ताई, तो छकुलीच्या अंगावर गेला गं. काल, तू खिडकीपाशी होतीस तेव्हा. तिनं मागून पाठीवर हात ठेवला, त्याला दिसलं नसेल, दचकला असेल. दात तिच्या बाहीला लागले. फ्रॉक फाटला. पोरगी थरथरत होती. चावला असता तर?"

ताई तिथेच मातीत बसली. दांड्याला आखूड बांधलेला मुनीम, वर केलेल्या काचा, मान वर न करणारी भावजय. 

"लागलं का तिला?"

"नाही. नुसतं भ्यालीय."

"मग हे मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? अप्पांचा कुत्रा. मीच बोलावलेला. तुझा जीव की प्राण. तुझ्या तोंडाकडे बघून, याला घेऊन जा, असं म्हणवेना मला. वाटलं, नियमानं गेला तर कुणाचाच दोष नाही. चिमट्याला काय, नाव थोडंच असतं..."

"अरे, तू नुसतं फ्रॉक फाटला म्हणाला असतास, तर मी काल उलट्या पावली गेले असते." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "तो बाहेरचा माणूस, हातात ब्रश घेऊन सांगायला आला. आणि तू आरडाओरडा केलास. मला किती बरं वाटलं होतं रे तो ऐकून! तेच मला आता सहन होत नाही."

बाबू ताडकन उठला. "मी आत्ता काढून येतो. डॉक्टरांना पण सांगतो. अजून सूर्य आहे."

"नको."

"ताई, आत्ता जातो, दोन मिनिटांत..."

"पोर भ्यालीय म्हणतोस आणि चिमटा काढतोस? कुणासाठी काढणार, तिच्यासाठी की माझ्यासाठी?" ती उठली, साडीची माती झटकली. "कुत्र्यानं इथं राहू नये हे तुझं बरोबरच होतं. तेवढं एक बरोबर होतं."

भावजय छकुलीला कडेवर घेऊन लांब उभी होती. ताई जवळ गेली, मुनीमला मागेच ठेवून. पोरीच्या बाहीवरची सेफ्टी पिन तिने नीट लावली आणि म्हणाली, "त्याला दिसत नाही गं राणी. आत्याला आधी कळायला हवं होतं." पोरीने तिच्या गालाला गाल लावला. भावजयीच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी त्यांना म्हटलं होतं, सरळ सांगा," ती पुटपुटली. ताईने तिचा हात दाबला आणि सोडला.

लॉन्ड्रीच्या गाडीत मळक्या चादरींची बोचकी छपरापर्यंत रचली होती. ड्रायव्हरने एक खाली ओढून मुनीमसाठी गादी केली. बाबूने बॅग चढवली आणि दाराला हात लावून तसाच उभा राहिला.

"पोचलीस की फोन कर. पुढच्या वर्षी आपण..."

"पुढच्या वर्षीची नोंदणी तू कर, बाबू," ताई म्हणाली. "तुझ्या एकाच तंबूची."

तिने दार ओढून घेतलं.