स्टेजवर चालते ती प्रार्थना

केसरीनाथशेठ चप्पल काढून आत आले, तेव्हाच विनिता सावध झाली. हा माणूस चप्पल काढतो तेव्हा त्याचं काहीतरी काम असतं. गेल्या रविवारी आले होते तेव्हा चपलेसकट उंबऱ्यावर उभे राहिले होते आणि तिथूनच सांगून गेले होते, की शुक्रवारची प्रार्थना बंद करा.

"का पण?" तिनं विचारलं होतं.

"लोक इचारतात."

"कोण लोक?"

"लोक."

घरमालकाच्या या उत्तरावर काय बोलणार? कामतघर भागातल्या त्यांच्या चाळीत खोली, भाडेकरार मार्चमध्ये संपायचा. आणि शुक्रवारची प्रार्थना म्हणजे तरी काय, तर सहा माणसं. विनिता, गोदामात पाळी नसली तर तिचा नवरा कुणाल, पलीकडच्या गल्लीतलं एक जोडपं, लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी एक बाई, आणि रंगूबाई. रंगूबाईंनी तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम केलेलं. आता गुडघे इतके गेलेले की कल्याणच्या चर्चची पायरी त्यांनी दोन वर्षांत पाहिली नव्हती. विनिताचंही तेच. चार वर्षांच्या एस्तेरला दमा, रस्त्यावर कंटेनरची धूळ, रिक्षात बसलं की पोरीची छाती वाजायला लागायची. म्हणून शुक्रवारी सहा वाजता खोलीत चटई पडायची. एक गाणं, थोडं वाचन, प्रार्थना, चहा. आठवडाभर धास्तावून काढणाऱ्या विनिताच्या जिवाला तेवढा एक तास थारा होता. तो गेला तर काय उरतं, हे तिला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं.

आज शेठ खुर्चीवर ऐसपैस बसले. "सव्वीस जानेवारीला मैदानात झेंडा हाय. सर्वधर्म प्रार्थना ठेवलीय. गुरुजी हायत, अब्दुर्रहमानभाई हायत, विहारातले भंते हायत. किरिस्ताव न्हाय. ते वसईचे फादर यायचे, त्यांना औंदा जमत न्हाय. मंग तुमी या."

विनिता बघतच राहिली. "शेठ, तुम्हीच तर प्रार्थना बंद करायला सांगितलीत."

"ती घरातली. ही स्टेजवरची."

"फरक काय?"

"ही देशासाठी हाय."

"घरातही आम्ही देशासाठी करतो. दर शुक्रवारी. राज्य करणाऱ्यांची नावं घेऊन करतो."

"मंग ती घरात कशाला?" शेठ अगदी मनापासून म्हणाले. "देशासाठी हाय तर सगळ्यांच्या समोर करा ना. आणि इंग्लिशमधे म्हणा. पांढरी साडी नेसा."

"मला इंग्रजीत प्रार्थना येत नाही. आमच्या घरी पणजीपासून मराठीतच करतात. नेवाशाकडची होती ती."

"मराठीत म्हटल्यावर किरिस्ताव हाय ते कळणार कसं?"

विनितानं कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. "आणि आमच्या शुक्रवारचं?"

"ते झेंडा झाला का बगू," म्हणत शेठ चपला शोधायला लागले.

कुणाल गोदामातून आला तेव्हा ती भाकरी थापत होती. थापत कसली, बडवत होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणून टाक. दोन मिनिटांचं काम. मार्च जवळ आलाय."

"म्हणजे घरात देवाचं नाव घ्यायला परवानगी मिळावी म्हणून मैदानात घ्यायचं?"

"हो," तो म्हणाला, आणि अंघोळीला गेला.

शेजारच्या खदीजाला मात्र हसू आवरेना. अब्दुर्रहमानभाई तिचेच मिस्टर. "आमच्या ह्यांना दरवर्षी निरोप येतो, टोपी घालून या. जसं काय एरवी हे हॅट घालून फिरतात. तू कर गं. पोरीला मी धरते."

सव्वीसला सकाळी झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, कुणीतरी माइकवर टिचक्या मारल्या. पहिल्या रांगेत शेठच्या आई धोंडूबाई गुडघ्यावर शाल टाकून बसल्या होत्या. गुरुजींचं झालं, भंतेजींचं झालं, अब्दुर्रहमानभाईंचं झालं. विनिताच्या हातात शेठनं दिलेला इंग्रजी कागद होता. तिनं तो चार वेळा वाचला होता. पण प्रार्थनेसाठी डोळे मिटले, आणि मिटल्यावर कागद काय दिसणार? डोळे मिटले की तिच्या तोंडून मराठीच यायची, तीही आईनं लावलेल्या वळणाची. देवाकडे मागायचं तर नाव-गाव घालून मागावं, मोघम अर्ज कुणी वाचत नाही, असं आई म्हणायची.

"प्रभू, या देशासाठी तुझे आभार," तिनं सुरुवात केली. "जे राज्य करतात त्यांना शहाणपण दे, आणि आम्हाला दम धरायची ताकद दे. रात्रपाळी करून इथं उभे आहेत त्यांना झोप दे. आमच्या चाळीच्या तिसऱ्या गल्लीतल्या गटारावर दोन वर्षं झाकण नाही. तिथून आमची लेकरं शाळेला जातात, त्यांना सांभाळ. आमचे मालक केसरीनाथ यांना ते झाकण बसवायची बुद्धी दे. त्यांच्या आई पडल्यापासून रात्रभर जाग्या असतात, त्यांना बरं कर. आमेन."

"आमीन," अब्दुर्रहमानभाई सवयीनं बोलून गेले. मैदानात आधी खसखस पिकली, मग टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुणे शेठकडे वळून काहीतरी बोलले आणि शेठ दात दाखवत हसले.

स्टेजच्या मागं मात्र ते हसत नव्हते. "गटाराचं देवाला सांगायची काय गरज होती? मला सांगायचं."

"तुम्हाला चार वेळा सांगितलं होतं, शेठ."

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण बसलं. इथवर सगळं ठीक होतं. विनिताला वाटलं, चला, निदान पोरांचे पाय तरी वाचले. पण चाळीतल्या बायकांचा हिशोब वेगळा निघाला. दोन वर्षं जे झालं नाही ते एका प्रार्थनेत झालं, म्हणजे बाईच्या शब्दाला गुण आहे. त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या खोलीतली भाविका दारात हजर. पोराची दहावी आहे, तेवढं नाव घ्या. तिच्यामागून आणखी दोघी, एकीला नळाला पाणी हवं, दुसरीला नवऱ्याची दारू सुटायला हवी.

विनिता सांगून सांगून थकली. "अहो, पाहुण्यांसमोर लाज वाटली म्हणून शेठनं बसवलं ते झाकण. मी बी.कॉम. झालेली बाई आहे, माझ्यात कसला गुण?"

"तुम्ही नम्र आहात," भाविका म्हणाली.

त्यांना हाकलायचं कसं, आणि आत घ्यायचं कसं? उद्या कुणी म्हणालं, ही बाई चाळीतल्या बायकांना बाटवते, तर पोलीस कुणाच्या दारात येणार? विनितानं दार अर्धं लावून, उंबऱ्यावरच उभं राहून प्रत्येकीला सांगितलं, "तुमच्या देवाला सांगा, त्यालाही ऐकू येतं." तरी बुधवारपर्यंत बातमी शेठच्या कानावर गेलीच.

"मी काय सांगितलं होतं?" ते फोनवर कडाडले. "आता शुक्रवार-बिक्रवार काय न्हाय. एक माणूस जमला तरी मार्चची वाट बगणार न्हाय मी."

"माइक तुम्हीच दिलात मला."

"म्हणून तर," शेठ म्हणाले आणि फोन ठेवला.

विनितानं सगळ्यांना निरोप पाठवले, येऊ नका. बाकीचे थांबले. रंगूबाई फोन वापरत नव्हत्या. शुक्रवारी सहाला काठी टेकत आल्या आणि चटई नाही बघून स्वतःच पसरायला लागल्या. "रंगूमावशी, आज नाही," असं विनिता म्हणतेय तोच दारात आणखी एक काठी वाजली. धोंडूबाई. घामेजलेल्या, एकट्या.

"झेंड्याच्या राती झोपले गो बाय," त्या म्हणाल्या. "दोन म्हैन्यांनी."

"डॉक्टरांनी गोळी बदलली ना, आजी?"

"गोल्या तर आधी बी खात होते. सरक, बसू दे मना."

एस्तेरनं तोवर आजींसाठी पाट ओढत आणला होता. म्हातारीला बाहेर काढावं तर पाप, आत घ्यावं तर घर जाईल. तिनं फोन उचलला. "शेठ, तुमच्या आई माझ्या दारात आहेत. मी त्यांना आत घेणार नाही आणि घालवणारही नाही. तुम्ही या, आणि न्यायचं तर न्या."

पाच मिनिटांत स्कूटर आली. "आये, चल घरी."

"न्हाय जात."

"लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?" धोंडूबाईंनी विचारलं. "झेंड्याला माजं नाव घेतलं तवा सगली गावकी होती. कोण काय बोल्लं?"

शेठनं गल्लीत इकडे-तिकडे पाहिलं. खदीजा तिच्या दारात लसूण सोलत आरामात बघत होती. जन्मदात्या आईला चारचौघांत ओढून न्यायची शेठची छाती झाली नाही.

विनितानं संधी साधली. "शेठ, त्या बसणार असतील तर तुम्हीही इथंच बसा. दार उघडं ठेवते. काय बोललं जातंय ते स्वतः ऐका. मग लोकांनी विचारलं तर तुम्हाला उत्तर देता येईल."

"मी आत येणार न्हाय."

"मग बाहेर बसा." तिनं प्लास्टिकची खुर्ची उंबऱ्याबाहेर ठेवली.

शेठ बसले, चपलेसकट, दाराकडे पाठ करून. आत रंगूबाईंनी प्रार्थना धरली. त्यांची प्रार्थना म्हणजे दवाखान्याची फेरी. प्रत्येक खाटेपाशी थांबणार. राज्यकर्ते झाले, रुग्ण झाले, प्रवासात असलेले झाले. विनिताचा एक डोळा मिटलेला, एक उघडा. शेठची पाठ, रस्ता, एस्तेरची छाती, पुन्हा शेठची पाठ. कसली प्रार्थना आणि कसली शांती? अर्ध्या तासात तिच्या मनात देव एकदाही आला नाही. गल्लीतून जाणारा एक जण थांबला, "काय शेठ, इथं कुठं?"

"आई आलीय," शेठ गुरकावले. "प्रार्थना चाललीय. तुला काय करायचंय? चल पुढं."

आमेन झाल्यावर विनितानं चहा बाहेर नेऊन दिला. शेठनं तो बशीत ओतून संपवला, आईला स्कूटरवर बसवलं आणि किल्ली फिरवता फिरवता म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी सहाला मला मिटिंग हाय. साडेसातला ठेवा."

"साडेसातला एस्तेर झोपते."

"मंग पावणेसात."

महिनाभर ती ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावून बसली होती, ते मिळालं, आणि वर हा राखणदार. विनितानं रिकामी कपबशी उचलली. "सहा," ती म्हणाली. "मिटिंग तुम्ही पुढं ढकला."

"बगतो," म्हणत शेठनं स्कूटर काढली.