आई दिसली पाहिजे

करुणाने मोबाईलच्या पडद्यावर पुन्हा बोट दाबलं. आई क्षणभर दिसली, खुर्चीत ताठ बसलेली, आणि चित्र गेलं. सकाळपासून हाच खेळ चालला होता. कोरेगाव भीमाच्या कंपनीत जेवणाची सुट्टी संपत आली, तरी तिने डबा उघडला नव्हता.

दिवाळीनंतर भागुबाई गोठ्यात चक्कर येऊन पडल्या, तेव्हापासून लेकीच्या जिवाला घोर लागला होता. तिला नोकरी सोडता येईना आणि आई निमोणे गाव सोडीना. शेवटी कंपनीतल्या सम्राटने पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर बोर्ड आणून, त्याला कॅमेरा जोडून घरात बसवून दिला. त्याच्यासमोरून जाताना भागुबाई डोक्यावर पदर घेत, जसं काही सासरेच बसलेत.

सम्राट म्हणाला, बोर्डाला वीज कमी पडत असेल, म्हणून सारखा बंद पडून चालू होतोय. घाबरण्यासारखं काही नाही. पण आईचा फोनही बंद होता, त्याचं काय? शेजारची शितल लग्नाला दौंडला गेलेली. आणि दिवसभर घरात पाय न ठरणारी आई आज हलत का नव्हती? बसल्या जागी काही झालं असलं तर? सुपरवायझरला कसंबसं सांगून करुणाने स्कूटर काढली. पुढचा रस्ता कसा सरला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

दार उघडंच होतं. भागुबाई पदर घेऊन कॅमेऱ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली आणि करुणाला रडूच फुटलं.

"फोन का बंद हाय तुझा?"

"फोनचा चार्जर ह्याला लावलाय." त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. "ह्याचा सकाळीच जळाला. आता ह्याचा दिवा लागतोय आन् जातोय. कवा लागंल कळत न्हाई, म्हनून हलले न्हाई. खुर्ची मोकळी दिसली तर तू काम टाकून पळत येशील."

चूल थंडगार होती. गोठ्यात गाय पाण्यासाठी हंबरत होती आणि आईचे ओठही सुकले होते. करुणाला स्वतःची लाज वाटली. तिने बोर्डाचा चार्जर काढून फोनला लावला.

भागुबाईंनी विझलेल्या दिव्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"मग आता उठू का गं?" त्यांनी विचारलं.